जमशेदजी टाटा जुहूत ५०० प्लॉटचं उपनगर वसवणार होते, पण...

जुहू म्हटलं की चौपाटी, भेळ आणि सिनेस्टार्सचे बंगले आठवतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी इथे होती कोळ्यांची वस्ती, माडाची झाडं आणि आजूबाजूला खाजण. ओहोटी लागली की खाडी ओलांडून जायचं. अशा जागेत पैसे घालायला निघालेला माणूस म्हणजे जमशेदजी टाटा.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीतला. वडिलांच्या व्यापारात ते तयार झाले आणि मग कापडाच्या धंद्यात उतरले. १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. म्हणजे उपनगराशी त्यांचं नातं जुनंच.

१८९० च्या दशकात त्यांनी जुहूत जमीन घेऊन बंगला बांधला. याच दशकात, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींत माणसं पटापट मरू लागली, लोक गाव गाठू लागले. मोकळी हवा ही चैन नसून गरज आहे, हे शहराला कळलं ते असं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी बागांच्या शहराची कल्पना मांडली.

जमशेदजींचा प्लॅन मोठा होता. जुहू तारा भागात सुमारे १,२०० एकर जमीन विकसित करायची, एकेक एकराचे ५०० प्लॉट पाडायचे आणि समुद्रकिनारी हवा खायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट उभारायचं. अर्थात, एकराचा प्लॉट घेणारा माणूस चाळीतला नव्हता. हे उपनगर पैसेवाल्यांसाठीच होतं.

पण लोक तिथे जाणार कसे? त्यासाठी माहीमचा कॉजवे सांताक्रूझपर्यंत वाढवायचा, असा त्यांचा विचार होता.

तेवढ्यात १९ मे १९०४ ला जर्मनीत जमशेदजींचं निधन झालं. त्यांची बाकीची स्वप्नं मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण केली. बंगळुरूची विज्ञान संस्था, पोलाद कारखाना, खोपोलीची जलवीज, सगळं उभं राहिलं. जुहूची योजना मात्र बारगळली.

तरी कल्पना वाया गेली नाही. पोलादनगरीत रुंद रस्ते, सावली देणारी झाडं, बागा, मैदानं आणि सगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा हवी, असं त्यांनी मुलाला, दोराबजींना, कळवून ठेवलं होतं. तेच शहर आज जमशेदपूर म्हणून ओळखलं जातं.

आणि जुहू? तिथे १९२८ मध्ये विमानांची धावपट्टी आली. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन एक विमान तिथे उतरलं. चालवत होते जे. आर. डी. टाटा. जमशेदजींना जिथे रस्ता न्यायचा होता, तिथे त्यांच्याच घराण्यातला माणूस आकाशातून पोचला.