इब्न नफीस आणि हृदयाचा पडदा

वाचकहो, क्षणभर छातीवर हात ठेवा. धडधडणाऱ्या या हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमध्ये जाड पडदा आहे. त्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त डावीकडे झिरपते, असे ग्रीक वैद्य गेलेनचे मत होते. हजार वर्षे हेच शिकविले गेले.

अलाउद्दीन इब्न नफीस यांचे वैद्यकीय शिक्षण दमास्कसच्या नूरी रुग्णालयात झाले. पुढे कैरोत ते रुग्ण तपासीत आणि फिकहही शिकवीत. १२४२ मध्ये, तिशीच्या सुमारास, त्यांनी इब्न सीनांच्या 'अल-कानून'मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. भाष्यकाराने मूळ ग्रंथ सोपा करून सांगावा, एवढीच खरे तर अपेक्षा! यांनी मात्र निःसंकोच लिहिले की पडदा घट्ट आहे, त्यात वाट नाही; रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते, तेथे हवेचा अंश घेते आणि मग डाव्या कप्प्यात येते. आज आपण त्या अंशाला प्राणवायू म्हणतो.

पालकांनो, एखाद्या बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याचे आपण ऐकतो, ते पुष्कळदा याच पडद्यातले. गेलेनने जे सर्वांच्या हृदयात कल्पिले, तो जन्मजात दोष आहे.

१२८८ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. घर व ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी रुग्णालयाला दिला. १६२८ मध्ये इंग्लंडच्या हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले व कीर्ती त्याची झाली. इब्न नफीस यांचे भाष्य विस्मरणात गेले होते. १९२४ मध्ये जर्मनीत शिकणारे इजिप्तचे तरुण डॉक्टर मुहियुद्दीन ततावी यांना बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले.