सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट परस्परांशी काटकोनात धरून विद्युत् चलित्रातील बलाची दिशा ओळखण्याचा नियम शालान्त वर्गातील विद्यार्थ्यांना पाठ असतो. नियमास ज्यांचे नाव आहे ते फ्लेमिंग कोण, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. वास्तविक या नियमापेक्षा कितीतरी मोठे कार्य त्यांच्या हातून घडले.

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा जन्म इंग्लंडमधील लँकॅस्टर येथे २९ नोव्हेंबर १८४९ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. घरची स्थिती बेताची. दिवसा लंडनमध्ये कारकुनी करावी व रात्री अभ्यास करावा, अशा रीतीने १८७० साली ते पदवीधर झाले. पुढे शिक्षकाची नोकरी करून त्यांनी पैसा साठविला आणि १८७७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, पुन्हा विद्यार्थी होऊन केंब्रिज गाठले; कारण तेथे मॅक्सवेल शिकवीत होते. मॅक्सवेल यांची व्याख्याने इतकी दुर्बोध असत, की कधी कधी वर्गात श्रोता म्हणून एकटे फ्लेमिंगच उरत! १८८५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले, आणि ते पद त्यांनी १९२६ पर्यंत भूषविले.

याच काळात एडिसनच्या लंडनमधील कंपनीचे ते सल्लागार होते. विजेचे दिवे काही दिवसांनी आतून काळे पडत. त्याचा शोध घेताना एडिसनने दिव्यात एक धातूची पट्टी बसविली होती. ती धनभारित केली, की मधल्या निर्वात पोकळीतूनही प्रवाह वाहतो, असे त्यास आढळले होते. पट्टी ऋणभारित केल्यास मात्र प्रवाह बंद पडे. फ्लेमिंग यांनी असे दिवे मुद्दाम करवून घेऊन पुष्कळ प्रयोग केले. तथापि त्याचा उपयोग काय, हे त्यावेळी कोणासच उमगले नाही. दिवे कपाटात पडून राहिले.

१८९९ पासून ते मार्कोनी कंपनीचे सल्लागार झाले. १२ डिसेंबर १९०१ रोजी ज्या केंद्रातून अटलांटिकपार पहिला बिनतारी संकेत गेला, त्या पोल्धू येथील प्रेषकयंत्राची आखणी फ्लेमिंग यांचीच. कीर्ती मार्कोनींच्या वाट्यास आली. आता प्रश्न होता तो संकेत टिपण्याचा. संकेत कानाने ऐकावे लागत, आणि फ्लेमिंग यांना तर ऐकू कमी येई! डोळ्यांना दिसेल अशी काट्याची हालचाल त्यांना हवी होती. परंतु बिनतारी लहरींनी उत्पन्न होणारा प्रवाह सेकंदास लक्षावधी वेळा दिशा बदलतो. काटा बिचारा जागचा हलेल कसा? १९०४ च्या ऑक्टोबरात त्यांना कपाटातील त्या जुन्या दिव्यांची आठवण झाली. तापलेल्या तंतूतून निघणारे ऋणभारित इलेक्ट्रॉन धन पट्टीकडे धावतात, ऋण पट्टीपासून दूर लोटले जातात. म्हणजे प्रवाहास वाट एकाच दिशेने. दिवा जोडला, आणि काटा हलला. पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपेवरून त्यांनी त्यास ‘व्हॉल्व्ह’ म्हटले व १६ नोव्हेंबर १९०४ रोजी एकस्वासाठी अर्ज केला. एकस्वाचा लाभ मात्र मार्कोनी कंपनीचा.

लवकरच अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी तंतू व पट्टी यांच्यामध्ये तारेची जाळी बसविली आणि क्षीण प्रवाह वाढविण्याची किमया साधली. त्यावरून वर्षानुवर्षे खटले चालले. फ्लेमिंग यांनी द फॉरेस्ट यांचे श्रेय मनापासून कधीच मानले नाही. एवढ्या थोर पुरुषास हा कोतेपणा शोभला नाही, असे म्हणावेसे वाटते. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमिंग यांचे तेथील एकस्वच अवैध ठरविले. तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. १९२९ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. १८ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ साली, ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि बटण दाबल्यावर तापेपर्यंत वाट पाहावयास लावणारे व्हॉल्व्हचे रेडिओ हळूहळू माळ्यावर गेले. नळी मात्र गेली नाही. रुग्णालयातील क्ष-किरणांची नळी, दळणवळणाच्या उपग्रहांतील कित्येक प्रवर्धक, गिटारवादकांना आजही प्रिय असलेले ध्वनिवर्धक, इतकेच काय, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीतील मॅग्नेट्रॉन, या सर्वांत आजही निर्वात पोकळीतून तापलेल्या धातूचे इलेक्ट्रॉन धावत असतात.