गडकऱ्यांचा प्याला आणि रक्तातला वारसा

वडीगोद्रीला व्यसनमुक्तीवर बोलायला गेलं, की सभा उठल्यावर कुणीतरी हळूच बाजूला घेतं. आजा दारूने गेला, बापही त्याच वाटेने. पोरगा आठवीत आहे, डॉक्टर, त्याच्याही रक्तात हे असेल का? असा प्रश्न आला, की मला राम गणेश गडकरी आठवतात.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. वडील लहानपणीच गेले. पुढे पुण्यात आले, फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, पण गणिताने अडवलं आणि शिक्षण सुटलं. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकवण्याची नोकरी धरली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानलं. कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या, विनोद ‘बाळकराम’ या नावाने. अखेरच्या दिवसांत क्षयाने अंथरुणाला खिळवलं, तरी लेखणी चालूच होती. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला ते वारले. वय अवघं ३३.

महिनाही झाला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. गडकऱ्यांना तो प्रयोग पाहता आला नाही.

नाटकातला सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि त्याचा कारकून तळीराम दुःख विसरायला पहिला प्याला पुढे करतो. तिथून मूल, बायको आणि शेवटी तो स्वतः, सगळ्यांचा नाश होतो. गडकऱ्यांनी मानहानी आणि संगत ही दोन कारणं अचूक टिपली. पण डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट खटकत राहते. तसाच अपमान गिळून, तसाच प्याला पिऊन, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी माणसंही असतात. मग सुधाकरच का बुडतो?

याचा एक धागा १९७३ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासातून हाती आला. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ पुरुष शोधले. आई किंवा बाप मद्यपी, पण हे सगळे जन्मानंतर सहा आठवड्यांतच दुसऱ्या घरी दत्तक गेलेले. बापाला पिताना पाहिलेलं नाही, तरी मोठेपणी त्यांच्यातले १८ टक्के मद्यपी झाले. ज्यांच्या जन्मदात्यांना असा त्रास नव्हता, अशा दत्तक गेलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे वारसा आहेच. पण उरलेले ८२ टक्के? ते मद्यपी झाले नाहीत. हा आकडा मी वडीगोद्रीत दोनदा सांगतो.

जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की दारूच्या व्यसनाबाबत माणसामाणसांतला साधारण निम्मा फरक जनुकांमुळे असतो. याचा अर्थ अमुक मुलाला पन्नास टक्के धोका, असा नव्हे. शिवाय जनुकांचा जोर वयाप्रमाणे बदलतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील जुळ्यांमध्ये असं आढळलं, की तेरा-चौदाव्या वर्षी पिणं, ओढणं ठरतं ते मुख्यतः घर आणि सोबत्यांवर. जनुकांचा वाटा नंतर वाढत जातो.

आणि ‘दारूचं जनुक’ असं एकच काही नसतं. शेकडो जनुकांचा थोडाथोडा हातभार असतो. त्यांतली काही दारू शरीरात कशी पचते, किती चढते यावर काम करतात. मला काही चढत नाही, अशी बढाई मारणारा तरुण खरं तर जास्त धोक्यात असतो, कारण थांबायची सूचना त्याला उशिरा मिळते. दुसरी जनुकं मनाच्या लगामाशी निगडित असतात. तीच लहानपणी चंचलपणा, अवधान न टिकणं म्हणून दिसू शकतात, पौगंडावस्थेत बेफिकिरी म्हणून, आणि प्याला हाती आला तर पुढे व्यसन म्हणून. नैराश्य आणि व्यसन एकाच घरात दिसण्यामागेही काही सामाईक जनुकं असतात.

ज्या क्षयाने गडकरी गेले, तोही पूर्वी घराण्याचा रोग समजला जाई. त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी जंतू दाखवला आणि रक्ताचा दोष मागे पडला. पुढे कळलं, की जंतू सगळ्यांच्या अंगात सारखा फोफावत नाही. त्यातही उपजत फरक असतो. पण तेवढ्यासाठी कुणी औषध थांबवलं नाही.

त्या बापाला मी सांगतो, की आठवी हे वय तुमच्या हातातलं आहे. आजोबांबद्दल मुलाला सरळ सांगा, जसं मधुमेहाबद्दल सांगाल तसं. लग्नात, जत्रेत गंमत म्हणून घोट पाजू देऊ नका. पहिला घोट जितका उशिरा, तितकं बरं. वर्गात तो फारच अस्वस्थ असेल, सतत उदास असेल, तर आत्ताच दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.