एडमंड न्यूटन हार्वे

एडमंड न्यूटन हार्वे (२५ नोव्हेंबर १८८७ – २१ जुलै १९५९) हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होते. जीवदीप्ती, म्हणजेच सजीवांनी निर्माण केलेला प्रकाश, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता.

जीवन

हार्वे यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी १९११ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले व निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. १९१६ मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ एथेल ब्राउन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतरच्या जपान प्रवासात त्यांना सायप्रिडिना हा तेथे ‘उमिहोतारु’ म्हणजे सागरी काजवा म्हणून ओळखला जाणारा सूक्ष्म कवचधारी जीव अभ्यासता आला. वाळवलेला सायप्रिडिना पाण्यात भिजताच पुन्हा प्रकाशतो. त्यामुळे तो समुद्रापासून दूरच्या प्रयोगशाळेतही वापरता येऊ लागला.

संशोधन

फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी एकोणिसाव्या शतकातच ल्युसिफेरिन व ल्युसिफरेज या दोन द्रव्यांच्या संयोगातून जीवदीप्ती उत्पन्न होते, असे दाखवले होते. एका प्राण्याचे ल्युसिफेरिन दूरच्या जातीच्या ल्युसिफरेजबरोबर सहसा प्रकाश देत नाही, हे हार्वे यांनी दाखवले. त्यामुळे सर्व प्रकाशमान जीवांची द्रव्ये एकच नाहीत, हे स्पष्ट झाले.

इक्वोरिया या जेलीफिशमध्ये मात्र ही जोडी त्यांना वेगळी करता आली नाही. काही जेलीफिश ऑक्सिजन काढून घेतल्यावरही प्रकाशतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. पण त्याचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दाब घटल्यावर रक्तात होणाऱ्या बुडबुड्यांचाही अभ्यास केला.

नंतरचा प्रभाव

हार्वे यांचे विद्यार्थी फ्रँक जॉन्सन यांनी ओसामू शिमोमुरा यांना प्रिन्स्टनला बोलावले. १९६१ च्या उन्हाळ्यात या दोघांनी फ्रायडे हार्बर येथे हजारो इक्वोरिया गोळा केले. त्यांतील इक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम मिळताच प्रकाशते. प्रकाशासाठी लागणारा ऑक्सिजन त्यात आधीच बांधलेला असतो. ल्युसिफेरिन-ल्युसिफरेजची जोडी हार्वे यांना का सापडली नाही, याचे उत्तर त्यातून मिळाले.

याच शोधात हरित प्रतिदीप्त प्रथिनही हाती लागले. इक्वोरिनचा उपयोग पुढे हृदयाच्या स्नायूंतील कॅल्शियमचे चढउतार पाहण्यासाठी झाला. हरित प्रथिनामुळे प्रयोगातील जिवंत प्राण्यांच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात, हे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. या प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सीन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.