करमरकरांचे ब्राँझ आणि मृगाचा पाऊस

आमच्या देगलूरला तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राखेने घासायची रीत होती. परसात राहिलेला तांब्या काळवंडे आणि चिंच लागताच पुन्हा लखलखे. त्या लखलखाटापायी धातूचा कणभर अंश दरवेळी मोरीत वाहून जातो, हे कोणाच्या मनातही येत नसे. घरच्या तांब्याला ते चालते. पुतळ्याला चालत नाही. हे सांगायला विनायक पांडुरंग करमरकर यांची आठवण काढावी लागते.

त्यांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवने या समुद्रकाठच्या गावी. राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट मोकळी करून दिली. पुढे कलकत्ता झाले, लंडन झाले. लहानपणी भिंतीवर रेखलेले महाराज नंतर ब्राँझमध्ये घडवण्याचा योगही त्यांच्याच वाट्याला आला. पुण्यातील अश्वारूढ पुतळ्याची कोनशिला छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली बसली. १९२२ मध्ये महाराज गेले. राजाराम महाराजांनी ते काम तडीस नेले. मुंबईत माझगाव गोदीत करमरकरांनी हा प्रचंड पुतळा एकसंध ओतवून घेतला. जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले, ऐन मृगाच्या तोंडावर.

शिल्पकाराचे काम तिथे संपले, हवापाण्याचे सुरू झाले. उघड्यावरच्या ब्राँझवर आधी तपकिरी थर येतो. पुढे शहरातल्या धुरातील गंधकामुळे किंवा समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यामुळे हिरवी पुटे चढतात. पावसाची धार लागते तो भाग हिरवट दिसतो, आडोशाचा भाग काळा राहतो. पाण्याबरोबर थोडे तांबे विरघळून चौथऱ्यावर हिरवे ओघळ उमटतात. उघड्या तांब्याच्या चौरस मीटरमागे वर्षाला साधारण एक-दोन ग्रॅम धातू असा निसटतो. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत अधिक. मात्र हा थर जसजसा मुरतो तसतशी आतल्या धातूची झीज मंदावते. खाऱ्या हवेतील क्षार आत शिरले तर मात्र तो थर राखणदार उरत नाही, खड्डे पाडतो.

करमरकर १९६७ साली निवर्तले. सासवन्याच्या त्यांच्या घरात आज शिल्पसंग्रहालय आहे. आपल्या गावोगावच्या चौकांतही ब्राँझचे पुतळे उभे आहेत. जयंती जवळ आली की ते आम्लाने घासून चकचकीत करण्याचा किंवा सोनेरी रंग फासण्याचा उत्साह अनेकांना येतो. भक्ती खरी असते, पण घासताना राखणदार थर जातो, बोटांची आणि पापण्यांची बारीक रेघही बोथट होते, आणि येणारा पाऊस कोऱ्या धातूला नव्याने खाऊ लागतो. साध्या पाण्याने धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुवावी, जाणकाराच्या हातून मेणाचा पातळ हात द्यावा. चिंच स्वयंपाकघरातच राहू द्यावी.