कांसाला उसाशी जोडणारा शास्त्रज्ञ : सर टी. एस. व्यंकटरामन

भंडारा जिल्हा म्हटला की धान, तलाव आणि वैनगंगा. ऊसही लावला जातो, पण पावसाळ्यात धानाच्या बांधीशेजारच्या उसात आठ-पंधरा दिवस पाणी तुंबलं, की मुळांना हवा मिळत नाही आणि वाढ थांबते. सिव्हिलवाले म्हणतील, निचऱ्याचे चर खोदा. बरोबरच आहे. पण दुसरी वाट उसाच्या वंशातूनच जाते. भारतात ती वाट पाडणाऱ्यांत पहिलं नाव तिरुवाडी सांबशिव व्यंकटरामन यांचं.

त्यांचा जन्म १८८४ चा. १९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. जागा विचार करून निवडली होती. तिथे उसाला तुरा येतो आणि बीही धरतं. उत्तर हिंदुस्थानात तसं होत नाही, आणि बी नाही तर संकर कुठला? डॉ. चार्ल्स बार्बर प्रमुख होते, व्यंकटरामन त्यांचे सहायक. त्या काळी उत्तरेतला ऊस बोरूसारखा बारीक, उत्पन्न बेताचं, आणि साखर यायची जावाहून. जाड, गोड ऊस होता, पण फार नाजूक.

मग या दोघांनी जाड उसाचा संकर चक्क कांस गवताशी केला. कांस म्हणजे नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारं, शेतकरी ज्याला शिव्या घालतो तेच गवत. साखर नावाला, पण पुरातही जगतं आणि कोरडातही. यातून आलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबसाठी दिला गेला. स्थानिक उसापेक्षा त्याचं उत्पन्न सुमारे निम्म्याने जास्त होतं. ('को' म्हणजे कोईमतूर, कंपनी नव्हे!)

बार्बर गेल्यावर केंद्राची धुरा व्यंकटरामन यांच्याकडे आली, ती १९४२ पर्यंत. गंमत म्हणजे त्यांनी नुसतं वरचं कांडं पाहिलं नाही, उसाच्या मुळांचाही अभ्यास केला. पाण्यात तग धरणारा ऊस बुडालेल्या कांड्यांतून नवी मुळं सोडतो. त्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, इमारतीतल्या व्हेंटिलेशन डक्टसारख्या. हा गुण कांसाकडून मिळवता येतो. अर्थात ऊस काही धान नाही. कितीही काटक वाण असला तरी चर लागतोच.

पुढे त्यांनी उसाचा संकर ज्वारीशी केला, बांबूशीसुद्धा! १९३४ मध्ये जानकी अम्मल केंद्रात आल्या आणि कांसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास सुरू झाला. को २८१, को २९० परदेशातही लावले गेले. आपल्या महाराष्ट्रात पुंड्या उसाला मागे सारलं ते को ४१९ ने. सहकारी साखर कारखान्यांचं सुरुवातीचं गाळप बऱ्याच अंशी याच उसावर झालं, पण कारखान्यांच्या इतिहासात पुढारी भेटतात, हे गृहस्थ क्वचितच.

१९३७ मध्ये ते भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सरकारने 'सर' केलं, स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये पद्मभूषण दिलं. १९६३ मध्ये ते वारले. आजच्या लागवडीतल्या उसांच्या जनुकसंचात साधारण दहा ते वीस टक्के वाटा कांसाचा असतो. पाणथळ शेतासाठी नवा वाण शोधणारे आजही त्याच गवताकडे वळतात.