झाडांवरून हवामान वाचणारे व्लादिमीर कोपेन

मराठवाडा म्हटले की कोरडी शिवारे, टँकर आणि दुष्काळ हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला पैनगंगेच्या काठी वसलेला किनवट तालुका मात्र या चित्रात बसत नाही. येथे सागवानाचे जंगल आहे आणि पावसाची वार्षिक सरासरी हजार मिलिमीटरच्या वर आहे. याच मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लातूरकडे जावे, तसतसे सागवान मागे पडते आणि बाभूळ, बोरी व खुरट्या गवताचे माळ सुरू होतात. झाडांमधील हा बदल म्हणजेच हवामानाची सीमारेषा होय, हा विचार शास्त्राच्या पायावर उभा करण्याचे श्रेय व्लादिमीर कोपेन यांना जाते. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांतील हवामानाचे नकाशे आजही प्रामुख्याने त्यांच्याच पद्धतीने रेखाटले जातात.

कोपेन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८४६ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे एका जर्मन कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा वैद्यकीय सेवेसाठी रशियात आले होते, तर वडील पीटर हे नामांकित भूगोलतज्ज्ञ होते. पुढे कुटुंबाचा मुक्काम काळ्या समुद्रालगतच्या क्रिमियात हलला आणि व्लादिमीर यांचे शालेय शिक्षण सिम्फरोपोल येथे झाले. १८६४ मध्ये ते विद्यापीठीय शिक्षणासाठी पुन्हा सेंट पीटर्सबर्गला गेले. उत्तरेची राजधानी आणि दक्षिणेचे घर यांच्यामधील लांबलचक प्रवास हीच त्यांची पहिली प्रयोगशाळा ठरली. उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्ये संपत, पानझडीची झाडे लागत, मग मैलोन्मैल गवताळ मैदाने येत आणि अखेरीस क्रिमियाचा उबदार किनारा दिसे. वनस्पती कुठे आणि का बदलतात, या प्रश्नाने तरुण कोपेन यांना झपाटले. १८७० मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्यांनी सादर केलेला प्रबंधही उष्णतेचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम याच विषयावर होता.

१८७५ मध्ये ते हॅम्बुर्ग येथील जर्मन सागरी वेधशाळेत रुजू झाले. जहाजांना वादळाचे इशारे देण्याच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. उंचावरील हवेचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी पतंग आणि फुगे यांचाही उपयोग केला. तथापि, त्यांचे मन गुंतले होते ते व्यापक प्रश्नात. रोज बदलते ती हवा आणि दीर्घ काळाच्या सरासरीतून दिसते ते हवामान. या हवामानाचे पृथ्वीवर प्रकार किती आणि ते ओळखावेत कसे, याचा शोध त्यांनी घेतला. १८८४ मध्ये त्यांनी पृथ्वीवरील उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. १९०० मध्ये वनस्पतींवर आधारित वर्गीकरण मांडले आणि १९१८ मध्ये त्याला सुधारित रूप दिले.

या वर्गीकरणाचा आधार साधा होता. पर्जन्यमापक काही वर्षांचा पाऊस मोजतो. जंगल मात्र शतकानुशतकांच्या उष्णतेचा आणि ओलाव्याचा हिशेब जमिनीवर मांडून ठेवते. म्हणून कोपेन यांनी उष्ण, शुष्क, समशीतोष्ण, शीत आणि ध्रुवीय असे पाच मुख्य गट पाडले. विषुववृत्तापासूनचे अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्राचे सान्निध्य, सागरी प्रवाह, वारे आणि त्यांना अडवणाऱ्या पर्वतरांगा यांतून हे प्रकार घडतात.

मराठवाड्याला त्यांचे गणित चपखल लागू पडते. निव्वळ पाऊस किती पडला यावरून प्रदेश कोरडा ठरत नाही. उन्हाने किती पाणी ओढून नेले हेही पाहावे लागते. म्हणून कोपेन यांनी पाऊस तापमानाशी जोडला. बहुतेक पाऊस वर्षाच्या उष्ण अर्ध्यात पडत असेल आणि वार्षिक सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअस असेल, तर त्यांच्या सूत्रानुसार कोरडेपणाची सीमा सुमारे ८२० मिलिमीटरवर येते. किनवट या रेषेच्या बरेच वर आहे. लातूर जिल्ह्याची सरासरी मात्र रेषेच्या अलीकडेच घुटमळते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो. किनवट या छायेपासून दूर आहे. शिवाय बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा लाभही त्याला मिळतो.

कोपेन यांची जिज्ञासा वर्तमानापुरती मर्यादित नव्हती. खंड सरकतात असे सांगणारे आल्फ्रेड वेगेनर हे त्यांचे जावई. या वादग्रस्त विषयात पडू नये, असा सल्ला कोपेन यांनी आरंभी त्यांना दिला होता. पुढे पुरावे पाहून ते स्वतःच समर्थक बनले. १९२४ मध्ये सासरे-जावयांनी मिळून भूगर्भीय काळातील हवामानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हिमयुगांसाठी कडक हिवाळ्यांपेक्षा थंड उन्हाळे निर्णायक असतात, कारण त्यात बर्फ वितळत नाही, ही दिशा त्यांनी सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलानकोविच यांना दाखवली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात वेगेनर यांचा मृत्यू झाला, तेव्हा कोपेन ८४ वर्षांचे होते. हा आघात सोसूनही रुडॉल्फ गायगर यांच्यासमवेत हवामानशास्त्राच्या बहुखंडी ग्रंथाचे काम त्यांनी सुरूच ठेवले. २२ जून १९४० रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा तो ग्रंथ अपुराच होता.

त्यांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. सरासरी वाईट वर्षे झाकून टाकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पोहोचवावे लागले, ते संकट सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय सीमारेषाही कायमच्या नसतात. तापमान वाढले की कोरडेपणाची सीमा वर सरकते. सरासरी तापमानातील प्रत्येक अंशामागे कोपेन यांच्या सूत्रात २० मिलिमीटर पाऊस अधिक लागतो. म्हणजे पाऊस तेवढाच पडला, तरी काठावरचा प्रदेश कोरड्या गटात जाऊ शकतो. लातूर अशा काठावर आहे. किनवटचे सागवान आज तरी त्या रेषेपासून दूर उभे आहे. परंतु तेच तोडले गेले, तर कोपेन यांनी जिच्यावर सर्वाधिक विश्वास ठेवला ती जमिनीवरची नोंदच पुसली जाईल.